अठरा किलो जास्त: १९५८ साली रेआल माद्रिदने पुश्काशला कशाच्या भरवशावर घेतलं?

वर्षातल्या सगळ्यांत देखण्या गोलला फिफा २००९ पासून जे पारितोषिक देते, त्याला हंगेरीच्या फेरेन्त्स पुश्काशचं नाव आहे. ते गोल आपण मोबाइलवर पुन्हा पुन्हा बघतो. कुणी हवेत उलटा होऊन चेंडू हाणलेला असतो, कुणी अर्ध्या मैदानावरून. पुश्काश स्वतः त्या जातीचा नव्हता. बुटका, आडव्या अंगाचा, आणि उजवा पाय केवळ उभं राहण्यापुरता. डाव्या पायावर मात्र सगळा संसार.

त्याच्या कारकिर्दीतला जो भाग मला सगळ्यांत जास्त विचारात पाडतो, तो गोलांचा नाहीच, व्यवहाराचा आहे. १९५८ च्या उन्हाळ्यात रेआल माद्रिदने त्याला करारबद्ध केलं. तेव्हा त्याचं वय ३१ होतं. डिसेंबर १९५६ नंतर त्याने एकही अधिकृत सामना खेळलेला नव्हता. बंदी भोगून झालेली, देश सुटलेला, स्पॅनिश येत नाही. वजन किती होतं ते तो पुढे स्वतःच हसत सांगायचा: असायला हवं त्यापेक्षा अठरा किलो जास्त. आणि घेणारा क्लब काही बुडत्याला काडीचा आधार शोधत नव्हता. युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या विजेत्या क्लबांची स्पर्धा, सुरू झाल्यापासूनच्या तिन्ही स्पर्धा, १९५६, ५७ आणि ५८, माद्रिदनेच जिंकल्या होत्या.

मग घेतलं कशासाठी? आणि घेतलेलं फळलं कशामुळे? या प्रकरणाचं नेहमीचं उत्तर असतं ‘जिद्द’. जाड माणूस आला, घाम गाळला, बारीक झाला, गोल करत सुटला. मला ते उत्तर अपुरं वाटतं. त्यासाठी आधी त्याने काय गमावलं होतं ते बघावं लागेल.

भिंतीपलीकडचा मित्र

जन्म एप्रिल १९२७, बुडापेस्ट. घरचं आडनाव पुर्त्सेल्ड, जर्मन वळणाचं. १९३७ च्या सुमारास कुटुंबाने ते बदलून पुश्काश केलं. हंगेरियन भाषेत त्याचा अर्थ साधारण ‘बंदूकवाला’. डाव्या पायाचं पुढे काय होणार हे वडिलांना ठाऊक असल्यासारखंच. वाढला तो किशपेश्त या कामगारवस्तीच्या उपनगरात. शेजारच्या घरात योझेफ बोझिक राहायचा. दोघांच्या घरांमध्ये एकच भिंत. तिच्यावर टकटक केली की खेळायला बाहेर ये असा अर्थ. आपल्याकडच्या चाळीत वाढलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

किशपेश्तच्या क्लबात वयाची अट होती, म्हणून पोराला आधी मिक्लोश कोवाच या खोट्या नावाने खेळवलं. पहिल्या संघात तो १६ व्या वर्षी आला, राष्ट्रीय संघात १८ व्या. घरचे आणि दोस्त त्याला ‘ओची’ म्हणत, म्हणजे धाकला.

१९४९ च्या सुमारास कम्युनिस्ट सरकारने हा उपनगरातला क्लब लष्कराच्या ताब्यात दिला आणि त्याचं नाव होनवेद केलं. हेतू उघड होता. लष्करी सेवेचं निमित्त करून देशातले चांगले खेळाडू एका जागी गोळा करायचे, म्हणजे राष्ट्रीय संघाचा सराव वर्षभर आपोआप होतो. शांदोर कोचिश आला, झोल्तान त्सिबोर आला. बोझिक आणि पुश्काश तर तिथलेच. पुश्काशला हुद्दा मिळत गेला आणि परदेशी वार्ताहरांनी त्याचं नाव ठेवलं ‘दौडता मेजर’. मेजरने कवायत फारशी केली नसावी.

हा मुद्दा मी मुद्दाम ताणतोय. होनवेदमध्ये आणि हंगेरीच्या संघात पुश्काश नुसता कप्तान नव्हता, मालक होता. मैदानावर सतत बोलायचा, ओरडायचा, मोठ्या वयाच्या खेळाडूंनाही जागा दाखवायचा. परदेश दौऱ्यांवरून खेळाडू बॅगा भरून माल आणत आणि सीमेवरचे अधिकारी दुसरीकडे बघत. त्या काळच्या हंगेरीत इतकी मोकळीक फार थोड्यांना होती. सगळा खेळ त्याच्याभोवती फिरायचा आणि त्याला त्याची सवय होती.

या संघाचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे, म्हणून भरभर. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये सुवर्ण. मराठी माणसाला हेलसिंकी म्हटलं की कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आणि त्यांचं कांस्यपदक आठवतं, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच स्पर्धेत आपल्या फुटबॉल संघाला युगोस्लाव्हियाने १०-१ असं धुतलं होतं. त्याच युगोस्लाव्हियाला हंगेरीने अंतिम सामन्यात २-० ने हरवलं, त्यातला एक गोल पुश्काशचा. पुढच्या वर्षी, २५ नोव्हेंबर १९५३ ला, वेम्बलीवर इंग्लंड ६-३ ने हरलं. तोपर्यंत ब्रिटनबाहेरच्या युरोपातल्या कुठल्याच संघाला इंग्लंडला वेम्बलीवर हरवता आलं नव्हतं. त्या सामन्यात पुश्काशने चेंडू बुटाच्या तळव्याने मागे ओढला आणि इंग्लंडचा कप्तान बिली राइट रिकाम्या जागेत घसरत गेला. लंडनच्या एका वार्ताहराने राइटला भलत्याच आगीकडे धावणाऱ्या बंबाची उपमा दिली. सहा महिन्यांनी बुडापेस्टमध्ये ७-१.

आणि मग ४ जुलै १९५४, बर्न. साखळीत ८-३ ने हरवलेल्या पश्चिम जर्मनीकडून विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात २-३. त्या ८-३ च्या सामन्यात पुश्काशचा घोटा जायबंदी झाला होता. अंतिम सामन्यात तो पुरता बरा नसताना उतरला, सहाव्या मिनिटाला गोल केला आणि शेवटी शेवटी बरोबरीचा गोलही मारला, जो ऑफसाइड ठरला. मे १९५० पासून न हरलेला संघ हरला तो तिथे. या सामन्याचं शेपूट सहा वर्षांनी माद्रिदच्या प्रकरणात येतं, म्हणून लक्षात ठेवा.

एकवीस महिने

२३ ऑक्टोबर १९५६ ला बुडापेस्टमध्ये उठाव झाला आणि ४ नोव्हेंबरला रशियन रणगाडे शहरात शिरले. पुश्काश मारला गेल्याच्या बातम्याही बाहेर छापून आल्या. प्रत्यक्षात होनवेदचा संघ युरोपियन कपसाठी देशाबाहेर पडला होता. अथलेटिक बिल्बाओबरोबर पहिला सामना बिल्बाओला, २-३ हार. दुसरा बुडापेस्टमध्ये होणं अशक्य, म्हणून २० डिसेंबरला ब्रुसेल्सला. तिथे गोलकीपर जखमी झाला, बदली खेळाडूची सोय त्या काळी नव्हती, म्हणून डावा विंगर त्सिबोर गोलपोस्टमध्ये उभा राहिला. ३-३ झालं आणि होनवेद एका गोलने बाहेर.

आता घरी जायचं की नाही? हंगेरीच्या संघटनेने बोलावलं, फिफानेही दौऱ्याला परवानगी नाकारली. संघ तरीही ब्राझीलला गेला. पैसे हवे होते, वेळ हवा होता. बरोबर बेला गुटमन नावाचा हंगेरियन प्रशिक्षक होता, त्याचंही नाव ध्यानात असू द्या. दौरा संपल्यावर संघ फुटला. कोचिश आणि त्सिबोर परतले नाहीत, यथावकाश बार्सिलोनाला गेले. बोझिक परतला. मागे घर होतं, माणसं होती, त्याला बाहेर राहणं जमलं नसावं. पुश्काशची बायको मुलीला घेऊन सीमा ओलांडून आली होती, तो परतला नाही. त्याच्यावर बंदी आली.

मग इटलीच्या किनाऱ्यावरचं बोर्दिगेरा. काम नाही, सामना नाही, भविष्य नाही आणि समोर इटालियन जेवण. वजन वाढलं नसतं तरच नवल. इटलीतल्या क्लबांनी वय आणि पोट बघून नकार दिला. फेब्रुवारी १९५८ मध्ये म्युनिकच्या विमान अपघातात मँचेस्टर युनायटेडचा संघ गेला, तेव्हा तिथेही त्याच्या नावाचा विचार झाला. पण परदेशी खेळाडूंबद्दलचे इंग्लिश नियम आणि इंग्रजीचा अभाव आडवे आले.

सौदा कुणी जमवला

होनवेदचा व्यवस्थापक एमिल ओस्ट्रायखर तोपर्यंत माद्रिदमध्ये तांत्रिक सचिव झाला होता. माझ्या मते संपूर्ण प्रकरणाची किल्ली इथे आहे. बाकीचे क्लब पुश्काशकडे बघत होते ते बाहेरून: वय, वजन, बंदी. ओस्ट्रायखरने त्याला वर्षानुवर्षं रोज बघितलं होतं. या माणसाचा खेळ कधीच पळण्यावर उभा नव्हता, हे त्याला पक्कं माहीत असणार. वीस-पंचवीस यार्डांच्या आत चेंडू डाव्या पायावर आला की काय होतं, त्याचा अठरा किलोंशी संबंध फार थोडा. पोट वाढल्याने पाय जड होतात, नजर आणि टायमिंग जड होत नाहीत.

अध्यक्ष सांतियागो बेर्नाबेउला हे पटलं. प्रशिक्षक लुईस कार्निग्लियाला पटलं नाही, आणि त्याची बाजूही समजण्यासारखी आहे. मैदानावर उतरवायचं त्याला होतं. पुश्काश सांगायचा त्या किश्शात तो स्वतःच बेर्नाबेउला आपल्या देहाकडे बघायला सांगतो. तुम्ही मला नीट बघितलंय ना? किस्सा सांगणाराच त्यातला नायक असल्यामुळे थोडा रंग धरून चालू. पण एक गोष्ट उरतेच: माद्रिदला त्याची निकड नव्हती, म्हणूनच ते हा जुगार खेळू शकले. खिशात तीन युरोपियन कप असताना एक सौदा अंगलट आला असता तरी आभाळ कोसळणार नव्हतं. नुकत्याच उद्ध्वस्त झालेल्या मँचेस्टरला तो महागात पडला असता.

घाम त्याने गाळला, यात शंका नाही. वजन उतरलं. पण सडपातळ तो पुन्हा कधीच झाला नाही. १९६० च्या चित्रफिती बघा, पांढऱ्या जर्सीत एक पिंप फिरताना दिसतं. म्हणजे फक्त ‘बारीक झाला म्हणून जमलं’ असं म्हणता येत नाही.

दि स्तेफानोच्या घरात

खरी अडचण वजनाची नव्हतीच. माद्रिदमध्ये आधीच एक मालक होता: आल्फ्रेदो दि स्तेफानो. स्वतःच्या गोलपोस्टसमोरून चेंडू घेणारा, मधल्या फळीत खेळवणारा आणि शेवटी गोलही करणारा. बोलायचा, रागवायचा, चुका करणाऱ्याची गय करायचा नाही. आता आठवा, होनवेदमध्ये हेच सगळं कोण करत होतं.

या घरात इतरांचं काय झालं बघा. फ्रान्सचा रेमों कोपा मुळात मधला खेळाडू. माद्रिदमध्ये मधली जागा दि स्तेफानोची, म्हणून कोपाला उजव्या कडेला उभं राहावं लागलं. १९५८ चा बॅलन डी’ऑर, म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, त्यालाच मिळाला, तरी १९५९ मध्ये तो रेंसला परत गेला. त्याच वर्षी दिदी आला. १९५८ च्या विश्वचषकाचा सर्वोत्तम खेळाडू, ब्राझीलच्या मधल्या फळीचा सूत्रधार. त्याचं आणि दि स्तेफानोचं जमलंच नाही, वर्षभरात तो बोटाफोगोला परतला. गुणवत्तेत दोघांतला कुणीही पुश्काशपेक्षा डावा नव्हता.

पुश्काशने काय केलं? तो गप्प बसला, असं म्हणणं त्याच्या स्वभावाला धरून होणार नाही. पण सूत्रं त्याने मागितली नाहीत. होनवेदमध्ये तो मागे येऊन खेळ रचायचा आणि पुढे जाऊन संपवायचाही. माद्रिदमध्ये रचना दि स्तेफानोकडे सोडून त्याने संपवण्याचं काम घेतलं. पेनल्टी क्षेत्राच्या आसपास, डावीकडे, फ्रान्सिस्को हेंतोच्या वेगाच्या सावलीत. हेंतो पळायचा, दि स्तेफानो पुरवायचा, हा मारायचा. जागा अशी निवडली की वय आणि वजन यांचा तोटा कमीत कमी व्हावा आणि घरच्या मालकाच्या पायावर पाय पडू नये. तिशी ओलांडलेल्या, आयुष्यभर कप्तान असलेल्या माणसाला हे अठरा किलो घटवण्यापेक्षा अवघड गेलं असणार, असं मला वाटतं.

यावर एक किस्सा नेहमी सांगतात. पहिल्या हंगामाचा शेवटचा सामना, सर्वाधिक गोलांच्या यादीत दोघे बरोबरीत. समोर रिकामा गोल असताना पुश्काश स्वतः न मारता चेंडू दि स्तेफानोकडे सरकवतो. गोड आहे. पण १९५८-५९ चा हिशोब दि स्तेफानो २३, पुश्काश २१ असा संपला. एका पासने एकच गोल होतो, दोनाचा फरक पडायला आणखी एक लागतो. तेव्हा तंतोतंत असंच झालं असेल का, याबद्दल मी साशंक आहे. तरी किस्सा टिकला यातच लोकांनी काय ओळखलं होतं ते दिसतं. नवा माणूस जुन्याच्या पहिल्या नंबरावर डोळा ठेवून आला नव्हता.

त्या पहिल्याच हंगामात दुसऱ्या सामन्यात हॅटट्रिक, हंगामात एकूण चार. जानेवारीत लास पाल्मासविरुद्ध १०-१, त्यात दोघांच्याही हॅटट्रिक. पुढच्या वर्षापासून तर यादीत पहिलं नाव पुश्काशचंच येऊ लागलं: १९६०, ६१, ६३ आणि ६४. शेवटच्या वेळी तो ३७ वर्षांचा होता. स्पॅनिश प्रेक्षकांनी त्याला ‘पांचो’ म्हणायला सुरुवात केली, आणि दुसरं नाव दिलं ‘कान्योन्सितो पुम’, म्हणजे धडाम् करणारी छोटी तोफ. बंदूकवाल्याची बढती झाली म्हणायची.

ग्लासगो

१८ मे १९६०, हॅम्पडन पार्क, युरोपियन कपचा अंतिम सामना. प्रेक्षक १,२७,६२१. समोर आइन्ट्राख्ट फ्रँकफुर्ट, ज्यांनी उपांत्य फेरीत ग्लासगोच्याच रेंजर्सला दोन सामन्यांत मिळून १२-४ असं लोळवलं होतं.

हा सामना होणारच नव्हता. बर्नच्या पराभवानंतर पुश्काशने जर्मन खेळाडूंनी उत्तेजक घेतल्याचा आरोप केला होता आणि जर्मन संघटनेने आपल्या क्लबांना पुश्काश असलेल्या कुठल्याही संघाशी खेळायला बंदी घातली होती. शेवटी त्याला लेखी माफी मागावी लागली. मुरलेला मेजर १९५४ मध्ये असं पत्र लिहिता ना. १९६० मध्ये लिहिलं आणि उतरला.

पहिला गोल फ्रँकफुर्टचा. मग दि स्तेफानोचे दोन. मध्यंतराला काही क्षण असताना पुश्काशने गोलपोस्टच्या इतक्या अरुंद कोनातून डाव्या पायाने चेंडू वरच्या बाजूला घातला की कोन कुठे होता हे शोधावं लागतं. मध्यंतरानंतर पेनल्टी. मग हेंतोच्या क्रॉसवर डोक्याने, आणि हे त्याच्यासाठी खरोखर नवलाचं. मग पाठमोरं उभं राहून, वळून, चौथा. ७-३. पुश्काश चार, दि स्तेफानो तीन, दुसऱ्या कुणाला जागाच नाही. त्या वर्षीच्या बॅलन डी’ऑरमध्ये तो लुईस सुआरेसच्या मागे दुसरा आला.

एकूण हिशोब माद्रिदसाठी २६२ सामन्यांत २४२ गोल, १९६१ ते ६५ सलग पाच लीग. सौदा फळला का, हा प्रश्न इथेच मिटतो.

जिथे हिशोब जुळत नाही

तरी प्रकरण एकतर्फी मांडू नये. २ मे १९६२, अॅमस्टरडॅम, पुन्हा युरोपियन कपचा अंतिम सामना, समोर बेन्फिका. पुश्काशने मध्यंतराआधीच तीन गोल केले. युरोपियन कपच्या दोन अंतिम सामन्यांत हॅटट्रिक करणारा तो एकटाच. पण माद्रिद ३-५ ने हरलं, शेवटचे दोन गोल विशीतल्या युसेबियोचे. बेन्फिकाच्या बाकावर बसला होता बेला गुटमन, ब्राझीलच्या त्या बेकायदा दौऱ्यातला सोबती. डाव्या पायाला वय चढलं नव्हतं, पण मध्यंतरानंतर बेन्फिकाचे तरुण पाय सुसाट सुटल्यावर मागे धावणं हा पुश्काशचा प्रांत नव्हता. ओस्ट्रायखरने घेतलेल्या मालाची ही मर्यादा पहिल्या दिवसापासून होती. इतरांचे पाय ती झाकत होते.

दुसरी नोंद जास्त बोचरी. नागरिकत्व मिळाल्यावर तो स्पेनकडून खेळला, त्याच वर्षीच्या चिलीतल्या विश्वचषकातही. दि स्तेफानोला दुखापत होती, तो एकही सामना खेळू शकला नाही. स्पेन साखळीतच बाहेर पडलं. हंगेरीसाठी ८५ सामन्यांत ८४ गोल करणाऱ्या पुश्काशचा स्पेनसाठीचा हिशोब आहे ४ सामने, शून्य गोल. माणूस तोच, पाय तोच, त्या हंगामातही क्लबसाठी गोलांचा पाऊस. फक्त भोवतालची मांडणी नव्हती. चार सामन्यांवरून सिद्धांत काढणं धाडसाचं आहे, पण मला हा आकडा ग्लासगोच्या चार गोलांइतकाच बोलका वाटतो.

१९६६ मध्ये तो थांबला. पुढे प्रशिक्षक म्हणून जगभर हिंडला. ग्रीसच्या पानाथिनाइकोसला १९७१ मध्ये युरोपियन कपच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं, तोही वेम्बलीवर. मेलबर्नमध्येही एका ग्रीक वस्तीच्या क्लबला ऑस्ट्रेलियाचं विजेतेपद मिळवून दिलं. बुडापेस्टमध्ये पुन्हा पाऊल ठेवलं ते १९८१ साली, पंचवीस वर्षांनी.

भिंतीपलीकडचा बोझिक तोवर उरला नव्हता. १९५७ मध्ये परतल्यावर तो हंगेरीकडून खेळत राहिला, १०१ सामने पुरे केले. १९५८ च्या विश्वचषकात तो होता तेव्हा हंगेरी वेल्सकडून हरून साखळीतच बाद झाली, आणि त्याच उन्हाळ्यात पुश्काश माद्रिदमध्ये पोट आत ओढत होता. १९७८ मध्ये बोझिक गेला. पुश्काश २००६ मध्ये गेला तेव्हा त्याला बुडापेस्टच्या सेंट स्टीफन बॅसिलिकात पुरलं. देशाच्या मोठ्या स्टेडियमला त्याचं नाव आहे. किशपेश्तच्या मैदानाला मात्र नाव आहे ते बोझिकचं.